डेटन यांचं दुकान आणि आमचं

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने (म्हणजे आपल्याच वर्गातल्या तिघांनी) मला फोन करून सांगितलं, की शाळेच्या आठवणी पुष्कळ आल्या आहेत, तू दुसरं काहीतरी पाठव. अमेरिकेतलं लिही, म्हणाले. अमेरिकेतलं काय लिहायचं? बर्फ, नायगारा आणि मुलांचं शिक्षण यांवर आपल्या ग्रुपवर रोजच फॉरवर्ड येतात. मी गेली वीस वर्षं मिनियापोलिसमध्ये राहते आणि दुकानांच्या मालसाठ्याचं सॉफ्टवेअर लिहिते. कुठल्या दुकानात कुठला माल किती संपला, किती मागवायचा, एवढंच माझं काम. म्हणून इथल्या एका दुकानाचा इतिहास लिहिते. इतिहासाच्या बाई हे वाचतील या भीतीने सनावळ्या दोनदा तपासल्या आहेत.

मी इथे आले तेव्हा ऑफिसमधल्या वयस्क बायका 'डेटन्समध्ये जाऊन येते' म्हणायच्या. मी ते दुकान शोधायला गेले, तर सातव्या रस्त्याच्या आणि निकोलेटच्या कोपऱ्यावर बारा मजली इमारत होती आणि पाटी भलतीच, 'मार्शल फील्ड्स'. वर्षभराने तीही उतरली आणि 'मेसीज' लागली. बायकांच्या तोंडी मात्र डेटन्सच राहिलं. आपण अजून व्हीटी म्हणतो, तसंच.

या दुकानाचा मूळ पुरुष जॉर्ज ड्रेपर डेटन. जन्म 1857 चा, न्यूयॉर्क राज्यातला. त्याला खरं तर धर्मोपदेशक व्हायचं होतं, पण पडला बँकेच्या धंद्यात. 1883 मध्ये तो मिनेसोटाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या वर्दिंग्टन नावाच्या लहान गावी आला. तिथे त्याने बँक चालवली आणि जमिनींचे व्यवहार केले. जमलेला पैसा त्याने मिनियापोलिसमध्ये जागा घेण्यात घातला. 1895 मध्ये निकोलेटवरचं एक प्रेस्बिटेरियन चर्च जळालं. चर्चला दुसरीकडे बांधायला पैसे हवे होते, म्हणून डेटनने तो कोपरा विकत घेतला. आपल्याकडे देवळाची जागा घेऊन कुणी तिथे दुकान काढलं असतं, तर गावाने काय केलं असतं ते सांगायला नको!

तेव्हा बाजार त्या कोपऱ्याच्या बराच अलीकडे संपायचा. डेटनने 1902 मध्ये तिथे सहा मजली इमारत उभी केली आणि गुडफेलो नावाच्या चालत्या कापडदुकानाला भाडेकरू म्हणून आणलं. भाडेकरू गडबडला तर घरमालकाचं भाडं बुडतं, म्हणून त्याने दुकानात भागीदारीही घेतली. मग गुडफेलो बाहेर पडला आणि 1903 मध्ये पाटीवर 'डेटन ड्राय गुड्स' आलं. ड्राय गुड्स म्हणजे आपलं कापडचोपड. बँकवाला माणूस असा जवळजवळ चुकूनच कापडवाला झाला.

धर्मोपदेशक व्हायचं राहून गेलं, त्याची कसर त्याने दुकानात भरून काढली. रविवारी दुकान बंद, दारू विकायची नाही, आणि ज्या वर्तमानपत्रात दारूची जाहिरात त्यात आपली जाहिरात द्यायची नाही. हे वाचताना मला आमचे अण्णा आठवले. आमचं दुकान कुणाला आठवतंय? मारुतीच्या पाराकडून वळलं की डाव्या हाताचं तिसरं, शाळेच्या गणवेशाचं. अण्णा अमावास्येला नवीन ठाण फोडत नसत आणि तंबाखू खाऊन आलेल्याला गादीवर बसू देत नसत. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणत. अर्थात, जायचं कुठे? दुसरं दुकान होतंच कुठे?

डेटनचं दुकान वाढलं. 1920 मध्ये रेल्वेची मालवाहतूक अडली, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कहून माल चक्क विमानाने मागवला. विमान ही गोष्टच तेव्हा लोकांनी जत्रेत पाहायची असायची. माल वेळेवर आला आणि फुकटची जाहिरात झाली ती वेगळी. 1918 मध्येच म्हाताऱ्याने दहा लाख डॉलर वेगळे काढून धर्मादाय संस्था केली होती. तो 1938 मध्ये गेला. मग मुलगा जॉर्ज नेल्सन आला. त्याच्या काळात, 1946 पासून, कंपनीने करपूर्व नफ्याचे पाच टक्के दान करायचं ठरवलं. हा नियम पुढे मिनियापोलिसच्या इतर धंदेवाल्यांनीही उचलला. इथली संग्रहालयं, नाटकघर, वाद्यवृंद, सगळ्यांच्या भिंतीवर डेटन हे नाव कोरलेलं दिसतं, त्याचं मूळ इथे आहे.

1950 मध्ये जॉर्ज नेल्सन वारला आणि दुकान पाच भावांच्या हाती आलं: डोनाल्ड, ब्रूस, वॉलेस, केनेथ, डग्लस. इथून पुढे गोष्ट मला खरी इंटरेस्टिंग वाटते. आपल्याकडे पाच भाऊ आणि एक दुकान म्हटलं की पुढचा अंक आपण पडदा न उघडताच सांगू शकतो. या पाच जणांनी वाटण्या केल्या नाहीत. त्यांनी त्याहून विचित्र गोष्ट केली. त्यांनी आपल्या दुकानाला स्पर्धा उभी केली, ती स्वतःच, आणि दोनदा.

पहिली साउथडेल. युद्धानंतर लोक मोटारी घेऊन उपनगरात राहायला लागले होते. शहरात यायला, गाडी लावायला त्यांना कंटाळा यायचा. त्यातून इथली थंडी. जानेवारीत उणे वीस हे इथे नेहमीचं. भावांनी एडिना नावाच्या उपनगरात जमीन घेतली आणि व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाला बोलावलं. ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा ज्यू, हिटलरच्या तावडीतून 1938 मध्ये सुटून आलेला. त्याने सगळी दुकानं एका छपराखाली घेतली, मध्ये चौक, चौकात झाडं आणि पक्ष्यांचा मोठा पिंजरा, आणि बाहेर कितीही बर्फ पडो, आत कायम वसंत ऋतू. 8 ऑक्टोबर 1956 ला साउथडेल उघडलं. अमेरिकेतला हा पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल. आज फिनिक्स म्हणा, इनऑर्बिट म्हणा, ज्यात आपली मुलं शनिवारी हरवतात, त्या सगळ्यांचा हा पणजोबा. गंमत म्हणजे एका टोकाला डेटन्स होतं, तर दुसऱ्या टोकाला त्यांचा कट्टर प्रतिस्पर्धी डोनाल्डसन्स, आणि त्याला भावांनी आपणहून आत घेतलं होतं. एकट्या दुकानाला एवढी गर्दी होणार नाही, हा हिशोब. ग्रुएनला मात्र मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाने असं खरं गाव हवं होतं. ते झालं नाही, सभोवती नुसते वाहनतळ झाले. म्हातारपणी तो व्हिएन्नाला परतला आणि मॉल हे आपलं अपत्य आहे हे मानायलाच तयार नव्हता.

दुसरी गोष्ट टार्गेट. 1 मे 1962 ला रोझव्हिल या उपनगरात डेटन बंधूंनी स्वस्त मालाचं दुकान काढलं. डेटन्समध्ये काम करणाऱ्या जॉन गीस याची ती कल्पना, आणि धाकटा डग्लस त्याचा पहिला प्रमुख. वॉलमार्ट आणि केमार्टही त्याच वर्षी सुरू झाले. म्हणजे जगभरच्या किरकोळ व्यापाराची कुंडली एका वर्षात मांडली गेली. डेटन्स हे नाव मात्र त्या दुकानाला दिलं नाही. अमुक साडी पाचशेला आणि तीच गल्लीपलीकडे तीनशेला विकली, तर पाचशेवाला नाव घालवतो, हे त्यांना कळत होतं. पहिली काही वर्षं तोटा झाला, पण भाऊ थांबले. सत्तरच्या दशकात टार्गेटची विक्री मूळ दुकानांच्या पुढे गेली.

इथे मी इंजिनिअर म्हणून बोलते. चालू असलेली यंत्रणा मोडणारी यंत्रणा स्वतःच बांधायची, आणि तीही पहिली उत्तम चालू असताना, हे फार कमी लोकांना जमतं. आमच्या धंद्यात त्यावर मोठमोठी भाषणं होतात, पण प्रत्यक्षात जो तो आपलं जुनं कोड कवटाळून बसतो. मीसुद्धा!

1967 मध्ये भावांनी शेअर बाजारात उतरायचं ठरवलं. 1969 मध्ये डेट्रॉइटच्या हडसन्स या तशाच घरंदाज दुकानाशी विलीनीकरण झालं आणि डेटन-हडसन कंपनी झाली. केनेथने संचालक मंडळाचे काटेकोर नियम बांधले, बाहेरची माणसं घेतली. 1983 मध्ये ब्रूस आणि केनेथ बाजूला झाले आणि डेटन घराण्यातलं कुणी कारभारात उरलं नाही. भांडण नाही, कोर्ट नाही. मला हे वाचून आधी कौतुक वाटलं आणि मग जरा भकास वाटलं. ब्रूसचा मुलगा मार्क पुढे राज्याचा गव्हर्नर झाला, 2011 ते 2019, पण दुकानात तो नव्हता.

1987 मध्ये एका बाहेरच्या कंपनीने डेटन-हडसन गिळायचा प्रयत्न केला. तेव्हा मिनेसोटाच्या विधिमंडळाने खास एका दिवसाचं अधिवेशन भरवून ते अवघड करणारा कायदा केला. दुकानासाठी विधानसभा! पाच टक्क्यांची ती चाळीस वर्षं त्या दिवशी कामी आली, असं इथले लोक सांगतात, आणि मला ते पटतं. पण तो कायदा बाहेरच्यांपासून वाचवणारा होता. आतून पाटी उतरत असेल, तर तो काय करणार? 1990 मध्ये कंपनीने शिकागोचं मार्शल फील्ड्स घेतलं. 2000 मध्ये ती स्वतःला टार्गेट म्हणवू लागली. 2001 मध्ये डेटन्सच्या सगळ्या दुकानांवर मार्शल फील्ड्स लागलं, 2004 मध्ये ती दुकानंच विकली, 2006 मध्ये मेसीज. पोराने मोठं होऊन आईबापांचं घर विकलं, असाच तो प्रकार. आज टार्गेटची दुकानं अमेरिकेत एकोणीसशेहून जास्त आहेत आणि डेटन्स एकही नाही.

मार्च 2017 मध्ये निकोलेटचं दुकान कायमचं बंद झालं. शेवटच्या आठवड्यात मी गेले होते. आठव्या मजल्यावर 1963 पासून नाताळात मुलांसाठी गोष्टींचे देखावे मांडत, माझ्या मुलीनेही ते पाहिले होते. खाली कपड्यांचे रॅक रिकामे आणि एक सत्तरीची बाई सरकत्या जिन्याशी नुसती उभी. मी एक हातमोज्यांचा जोड घेतला. मोठा निघाला. अजून कपाटात आहे.

त्या रात्री अण्णांना फोनवर सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला, "त्यांची उधारी किती बुडाली गं?"

आता जे लिहायचं आहे ते लिहून टाकते. आमचं दुकान 2012 मध्ये बंद झालं हे तुम्हांला माहीत आहे. हायवेला मोठं दुकान झालं, शाळेने गणवेशाचा ठेका एका पुरवठादाराला दिला, ही कारणं सगळ्यांनी ऐकलीत आणि ती खरीच आहेत. पण 2003 च्या दिवाळीत मी पुण्याहून नवा संगणक आणून अण्णांच्या गल्ल्याशेजारी बसवला होता. बिलाचा प्रोग्रॅम मीच लिहिला होता, फार अभिमानाने. उधारीची लाल वही चार रात्री जागून त्यात चढवली आणि नव्वद दिवसांवरच्या प्रत्येक बाकीला आपोआप पत्र छापायची सोय केली. अण्णा मुंबईला लग्नाला गेले असताना पत्रं छापून, पाकिटात घालून मीच टपालात टाकली. त्रेचाळीस पत्रं.

अण्णांच्या वहीत काही नावांपुढे पेन्सिलीने बारीक टिंब होतं. मी ते चढवलं नाही, कारण त्याला माझ्या टेबलात रकाना नव्हता. टिंब म्हणजे 'मागायचं नाही'. कुणाचा बाप गेला होता, कुणाची गिरणी बंद होती. जूनमध्ये मुलाला गणवेश द्यायचा आणि विषय काढायचा नाही, एवढा त्याचा अर्थ. डेटन पाच टक्के काढत होते. अण्णांनी टक्का कधी मोजला नाही, पण मी नंतर त्या टिंबांची बेरीज केली. पाचाहून बरीच जास्त होती.

अण्णा परत आले, तेव्हा दोन घरचे लोक पैसे काउंटरवर ठेवून, न बोलता निघून गेले होते. ते पुन्हा दुकानात आले नाहीत. अण्णा मला रागावले नाहीत. त्यांनी संगणकावर टॉवेल टाकला आणि वही परत काढली. पुढची नऊ वर्षं तो टॉवेल तसाच होता.

त्या दोनांतलं एक घर आपल्या वर्गातल्या मित्राचं आहे. नाव लिहीत नाही. संमेलनाच्या यादीत त्याच्या नावापुढे 'येणार' अशी खूण दिसली. अण्णा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, त्या दिवशी मी त्यांना घेऊन येणार आहे. ती वही मी आणू का विचारलं, तर नको म्हणाले.