हबशी आणि त्याची भाषा

महाराष्ट्राच्या इतिहासांतील ‘हबशी’ हा शब्द देश सांगतो, मातृभाषा सांगत नाहीं. खडकीचा संस्थापक मलिक अंबर सुमारें १५४८ सालीं दक्षिण इथिओपियांतील कंबाटा प्रांतीं जन्मला, असें इतिहासकार रिचर्ड ईटन लिहितात. तेथील आजची भाषा कुशिटिक शाखेची. इथिओपियाच्या राजदरबाराची अम्हारिक मात्र सेमिटिक. ‘कुशिटिक’ हें नांवही फसवें आहे; नाईलकांठच्या प्राचीन कुश राज्याची मेरोई भाषा अनेक अभ्यासक त्या शाखेंत घालीत नाहींत. बालपणींचा चापू गुलामगिरींत अंबर झाला, निजामशाहीचा कर्ता पुरुष ठरला आणि १६२६ सालीं वारला. त्याचा कारभार फारसी-मराठींत चालला. आईची बोली दप्तरांत आली नाहीं. ‘हबशी’ वाचतांना त्या शब्दाखालीं मूक झालेल्या निरनिराळ्या बोलींचें भान ठेवावें.