जुन्या चार सिलिंडरांना टर्बोचार्जर : एका जोडणीचा इतिहास

रायपूर शहरातील बूढापारा ही वस्ती बूढा तलावाच्या काठावर वसलेली आहे. किशोरवयीन नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ च्या सुमारास कुटुंबासह येथे राहावयास आले. त्या वेळी रायपूरपर्यंत रेल्वे पोहोचलेली नव्हती. प्रवासाचा अखेरचा लांब टप्पा बैलगाडीने पार करावा लागला. आज याच भागात मोटारींची वर्दळ असते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. या उष्म्याचा त्रास माणसांना होतो, तसाच इंजिनांनाही होतो. दाब तोच धरला, तर १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांच्या हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते. इंजिन दर फेऱ्याला हवा तेवढ्याच आकारमानाची ओढते. पण त्या हवेतील ऑक्सिजन मात्र घटलेला असतो. ऑक्सिजन कमी म्हणजे जाळता येणारे इंधन कमी, आणि म्हणून शक्तीही कमी.

इंजिनाला अधिक हवा कोंडून दिली तर ही उणीव भरून निघेल, हा विचार साधा आहे. ती हवा कोंडण्याचे काम वाया जाणाऱ्या धुराकडून करून घ्यावे, हा विचार मात्र असामान्य होता. जुन्या चार सिलिंडरी मोटारीला टर्बोचार्जर जोडता येतो काय, या प्रश्नाचे उत्तर त्या विचाराच्या इतिहासात सापडते. टर्बोचार्जर जोडणे हे सर्वांत सोपे काम ठरले. त्याच्यासाठी उरलेले इंजिन बदलणे हे खरे काम होते.

स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. इंधनातील उष्णतेचा जवळजवळ एकतृतीयांश भाग निकास वायूंबरोबर निघून जातो. ब्यूखीने त्या वायूंच्या वाटेत एक टर्बाइन ठेवले आणि त्याच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर बसविला. धुराने टर्बाइन फिरते, टर्बाइनमुळे कॉम्प्रेसर फिरतो आणि कॉम्प्रेसर ताजी हवा दाबून सिलिंडरांत पाठवितो. कल्पना निर्दोष होती. पण तापलेल्या वायूत अतिवेगाने फिरूनही टिकतील असे धातू आणि धारवे तेव्हा उपलब्ध नव्हते. खात्रीशीर यश मिळण्यास जवळजवळ २० वर्षे लागली. १९२० च्या दशकात ‘प्रॉइसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांच्या दहा सिलिंडरी डिझेल इंजिनांची शक्ती या पद्धतीने १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० पर्यंत गेली.

विमानांची गरज निराळी होती. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन दुबळे पडते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकचा अभियंता सॅनफर्ड मॉस याने १९१८ साली कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर लिबर्टी जातीचे विमान-इंजिन नेले आणि टर्बोचार्जरच्या साहाय्याने त्या विरळ हवेतही समुद्रसपाटीवरील शक्ती मिळविता येते, हे दाखवून दिले.

मोटारीत हे यंत्र येण्यास १९६२ साल उजाडले. त्या वर्षी आलेल्या ओल्ड्समोबील जेटफायरमध्ये पेट्रोल इंजिनाचे संपीडन गुणोत्तर १०.२५ इतके उंच ठेवलेले होते. अशा इंजिनात आधीच दाबलेली हवा आली, की पेट्रोल व हवेचे मिश्रण अवेळी आणि आपोआप स्फोट पावते. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि ते पिस्टन फोडू शकते. उपाय म्हणून त्या मोटारीत ऊर्ध्वपातित पाणी आणि मिथिल अल्कोहोल यांचे मिश्रण फवारले जाई. मालकांना ती टाकी वेळोवेळी भरावी लागे. दोन वर्षांतच हे प्रतिरूप बंद झाले.

चार सिलिंडरांच्या जुन्या इंजिनावर हाच प्रयोग बीएमडब्ल्यूने १९७३ साली केला. २००२ या मालिकेचे दोन लिटरचे इंजिन आधीपासून बाजारात होते. त्याच्या ‘टीआयआय’ आवृत्तीचे संपीडन गुणोत्तर ९.५ आणि शक्ती १३० अश्वशक्ती होती. टर्बो आवृत्तीत गुणोत्तर ६.९ पर्यंत खाली आणावे लागले. शक्ती १७० झाली. याची किंमतही मोजावी लागली. कमी फेऱ्यांवर, टर्बो जागा होण्यापूर्वी, हे इंजिन मूळ इंजिनापेक्षाही सुस्त वाटे. मग शक्तीचा लोंढा एकदम येई. त्यातच तेलसंकट आले आणि १,६७२ गाड्यांनंतर उत्पादन थांबले.

स्वीडनच्या साबने १९७८ साली विक्रीस आणलेल्या ९९ टर्बोमध्ये निराळी दृष्टी स्वीकारली. त्यांनी मोठ्या शक्तीचा हव्यास सोडला, लहान टर्बाइन वापरले आणि ठरावीक दाबानंतर जादा धूर टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, बसविली. शक्ती १४५ अश्वशक्तीच राहिली. पण ती रोजच्या वापरातील मधल्या फेऱ्यांवर हाती येऊ लागली.

भारतात टर्बोचार्जर प्रथम मोठ्या प्रमाणावर पोहोचला तो रेल्वेमार्गे. १९६२ पासून आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल लोकोमोटिव्हचे सोळा सिलिंडरी इंजिन टर्बोचार्ज्ड होते आणि २,६०० अश्वशक्ती देई. पुढे याच इंजिनाच्या सुधारित टर्बोचार्जरसह घडविलेल्या डब्ल्यूडीएम-३ए आवृत्तीने ३,१०० अश्वशक्ती गाठली. रायपूरच्या डिझेल लोको शेडमध्ये या घराण्यातील इंजिनांची देखभाल वर्षानुवर्षे होत आली. म्हणजे बूढापाऱ्यातील मोटारींना टर्बो माहीत होण्याच्या कितीतरी आधी तो शहराच्या रुळांवर काम करीत होता.

रस्त्यावरील मोटारींचे भारतीय उदाहरण पुण्याचे आहे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९९१ च्या सिएराचे चार सिलिंडरी डिझेल इंजिन त्याच दशकाच्या उत्तरार्धात टर्बोसह सादर केले. अधिक बोलके उदाहरण मात्र इंडिकाचे. १९९८ च्या डिसेंबरात पिंपरीहून बाजारात आलेल्या या मोटारीचे डिझेल इंजिन ४७५ या क्रमांकाने ओळखले जाई : ४ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर. ७९.५ मिलिमीटरच्या धावेसह त्याचे आकारमान १,४०५ घन सेंटिमीटर होते. टर्बोविना ते सुमारे ५३ अश्वशक्ती आणि ८५ न्यूटन-मीटर टॉर्क देई. २००२ च्या अखेरीस आलेल्या इंडिगोमध्ये याच इंजिनाला टर्बोचार्जर मिळाला आणि शक्ती ६२ अश्वशक्तीच्या घरात गेली. पुढे इंटरकूलरची भर पडली आणि आकडे ७० अश्वशक्ती व १३५ न्यूटन-मीटर झाले.

या आकड्यांतील असमतोल लक्ष देण्याजोगा आहे. शक्ती सुमारे ३१ टक्क्यांनी वाढली. टॉर्क मात्र जवळजवळ ५९ टक्क्यांनी. घाटात चार माणसे व सामान घेऊन चढताना गिअर उतरवावा लागू नये, हा लाभ टॉर्कचा असतो. परंतु सिलिंडरातील सरासरी परिणामी दाब टॉर्कच्याच प्रमाणात वाढतो. या इंजिनासाठी हिशेब केला, तर तो ७.६ बारवरून सुमारे १२.१ बारवर जातो. तो दाब पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँकचे धारवे आणि हेडचे गॅस्केट यांनाच सोसावा लागतो. डिझेल इंजिनात सिलिंडरमध्ये केवळ हवाच दाबली जाते, म्हणून पेट्रोलसारखे नॉकिंग आड येत नाही, आणि त्याची घडणही मुळात जाड असते. जुन्या डिझेलला टर्बो मानवतो तो या कारणाने. शिवाय अधिक हवेमुळे काजळी कमी होते. उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तसा हा लाभ महत्त्वाचा ठरला.

इंटरकूलरचे मोल रायपूरच्या उन्हात नेमके कळते. ४५ अंशांची हवा १.६ पट दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे ११० अंशांपर्यंत तापते. त्यामुळे दाब ६० टक्क्यांनी वाढूनही घनता ३३ टक्क्यांनीच वाढते. तीच हवा इंटरकूलरमधून जाऊन ६५ अंशांवर आली, तर घनतेतील वाढ ५० टक्क्यांवर पोहोचते. इंटरकूलर नसेल तर दाबण्यासाठी केलेल्या कष्टाचा मोठा भाग उष्णतेत जातो, आणि ती उष्णता इंजिनालाच सोसावी लागते.

वंगणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मोटारीतील लहान टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. हे तेल इंजिनाच्याच पंपाकडून येते. मोठ्या दौडीनंतर इंजिन तत्काळ बंद केले, की प्रवाह थांबतो, तापलेल्या धारव्यातील तेल करपते आणि त्याची पुटे चढतात. बंद करण्यापूर्वी गाडी थोडा वेळ मंदगतीवर चालू ठेवावी, ही सूचना त्यातूनच आली. ज्या जुन्या इंजिनात तेलाचा दाब आधीच ढासळला आहे, त्यात नवा टर्बो फार काळ टिकत नाही.

बाहेरून टर्बो बसवू इच्छिणाऱ्याला भारतीय कायद्याचाही विचार करावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही, की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात या तरतुदीचा अर्थ कठोरपणे लावला. गॅरेजमधील हौशी जोडणी आणि कारखान्यातील नवी आवृत्ती यांत कायदा जो भेद करतो, तो अभियांत्रिकीच्या इतिहासाशी सुसंगत आहे.

इंडिकाच्या पहिल्या इंजिनापासून टर्बो बसविलेल्या इंडिगोपर्यंत चार वर्षे गेली. तीही मूळ आराखडे आणि चाचणीची साधने हाती असलेल्या कारखान्यात. २०१८ साली इंडिकाचे उत्पादन थांबले. बूढापाऱ्यातील एखाद्या जुन्या, टर्बोविना मोटारीचा मालक आज हा विचार करीत असेल, तर टर्बोची किंमत विचारण्यापूर्वी त्याने सिलिंडरांतील संपीडन, तेलाचा दाब आणि शीतन यंत्रणा तपासून घ्यावी. ब्यूखीला वीस वर्षे थांबावे लागले ते कल्पना अपुरी होती म्हणून नव्हे. ती झेलू शकेल असे यंत्र तयार नव्हते म्हणून.