वाऱ्यात हात घालताना

विमानाभोवती हवा कशी वाहते हे पाहायचं, तर पहिली अडचण अशी की हवा दिसतच नाही. राइट बंधूंनी १९०१ साली डेटनला स्वतःचं वातविवर बांधलं. वातविवर म्हणजे आपण ज्याला विंड टनेल म्हणतो ते. पुढच्या लोकांनी अशा बोगद्यांत धूर सोडला, पंखांना दोरे चिकटवले. पण प्रवाहात मोजमापाची सळई घातली, की प्रवाहच थोडा बदलतो. म्हणजे जे बघायला गेलो, तेच बिघडलं!

मग संगणक आला. हवेची गती समीकरणांवरून काढता येऊ लागली. पण हाती काय आलं? आकड्यांचे ढीग. कॅलिफोर्नियात नासाचं एम्स केंद्र आहे. तिथं एका निमुळत्या खांबाभोवतीचा प्रवाह असा काढला होता. सुमारे १ लाख ३१ हजार बिंदू, प्रत्येक बिंदूवर वेगाचे ३ आकडे. म्हणजे एका क्षणाचेच जवळजवळ ४ लाख आकडे झाले, आणि असे शेकडो क्षण! खांबाच्या बारीक टोकाकडे भोवरे भराभर सुटतात, जाड टोकाकडे सावकाश. मग मधे कुठेतरी त्यांची साखळी तुटणारच. ती कुठे, कशी तुटते? सपाट पडद्यावर एक रेघ दुसरीच्या पुढे आहे की मागे, हे ओळखणंच कठीण.

१९९१च्या सुमारास तिथल्या स्टीव्ह ब्रायसन आणि क्रिऑन लेव्हिट यांनी आभासी वातविवर तयार केलं. लांब दांड्यावर तोललेले दोन छोटे पडदे डोळ्यांना लावायचे, हातात बोटांची हालचाल टिपणारा हातमोजा. हात नेला तिथून प्रवाहरेषा निघायच्या, डोकं वळवलं की दृश्यही वळायचं. आणि हात आत घातला तरी प्रवाह जरासुद्धा ढळत नव्हता!

का ढळत नव्हता? कारण तिथं हवाच नव्हती, होते ते नुसते आकडे. आता बघा, बिंदूंची जाळी विरळ असेल, गणितात काही गृहीत धरलेलं चुकलं असेल, तर ती चूकसुद्धा तेवढीच सुबक दिसणार. आणि ज्या चित्रात आपण स्वतः उभे राहून आलो, त्यावर शंका घेणं जड जातं.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच एम्सच्या आवारात १९८७ साली पूर्ण झालेलं ८० बाय १२० फुटांचं खरंखुरं वातविवर आहे, अख्खं विमान मावेल एवढं. कुठं बघायचं ते आभासी हातानं शोधावं. खरं काय ते मात्र वाऱ्यालाच विचारावं.