नहर, पाइप आणि मधली गळती

खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीपाशी गेलो की मला शेल स्क्रिप्ट आठवते. हसू नका! १६२६ साली वारलेल्या या माणसाने औरंगाबादला जमिनीखालून नहर आणली, पण तपासायला जागोजागी तोंडं ठेवली. १९७३ मध्ये युनिक्सला पाइप मिळाला; तिथे मधली कमांड फसली तरी शेवटची चालली की सगळं ‘यशस्वी’. माझा डेटाबेसचा बॅकअप असाच तीन महिने फसत होता, आणि जीझिप रिकामी फाइल इमानेइतबारे आवळून ठेवत होतं! २००४ च्या बॅश ३.० मध्ये ‘पाइपफेल’ आलं, २०२४ मध्ये ते पॉझिक्स मानकातही गेलं. ती एक ओळ वर लिहा, प्रत्येक टप्प्याला नीट नाव द्या. पाणी कुठे अडलं, हे आपल्यामागून येणाऱ्याला दिसलं पाहिजे.