बँटिंगचे पथ्य आणि उष्मांकांचा हिशेब

वजन उतरवू पाहणाऱ्या माणसासमोर नेहमी दोन गुरू उभे असतात. एक सांगतो, 'काय खाल्ले याला महत्त्व नाही. किती उष्मांक पोटात गेले तेवढे मोजा.' दुसरा सांगतो, 'पोळी, भात, बटाटा आणि साखर सोडा. मग हिशेबाची वही खुशाल मिटून ठेवा.' दोघांचेही शिष्य बारीक झालेले दिसतात आणि दोघांचेही शिष्य पुन्हा जाड झालेले दिसतात. मग खरे कोणाचे मानावे? या प्रश्नाचे वय दीडशे वर्षांहून अधिक आहे. त्याचा इतिहास पाहिला, तर उत्तराची वाट बरीच सोपी होते.

या इतिहासाचा नायक वैद्य नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. लंडनमध्ये राजघराण्यातील अंत्यविधींची व्यवस्था पाहणारी एक पेढी होती. तिचा चालक विल्यम बँटिंग. पासष्टी गाठेपर्यंत हा गृहस्थ इतका स्थूल झाला, की त्याला वाकून बुटाचे बंद बांधता येत नसत आणि जिना उतरायचा तर तो पाठमोरा उतरावा लागे. रस्त्यात लोक टोमणे मारीत. त्याने नामांकित वैद्यांचे उंबरे झिजवले. एकाने व्यायाम सांगितला म्हणून तो रोज पहाटे नदीवर होडी वल्हवू लागला. स्नायू बळकट झाले, पण भूकही बळावली; भुकेबरोबर खाणे वाढले आणि खाण्याबरोबर वजन. अखेर होडी सुटली.

पुढे कानाला कमी ऐकू येऊ लागले म्हणून १८६२ साली तो विल्यम हार्वी या कर्णतज्ज्ञाकडे गेला. हार्वी पॅरिसला जाऊन क्लोद बेर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकून आला होता. यकृत स्वतः शर्करा तयार करते, हा बेर्नारचा शोध त्याच्या मनात घोळत होता. जनावरे लठ्ठ करण्यासाठी त्यांना पिष्टमय खाद्य घालतात, हेही त्याला ठाऊक होते. त्याने बँटिंगला पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे वर्ज्य करावयास सांगितले. ऑगस्ट १८६२ मध्ये बँटिंगचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. वर्षभरात ते ४६ पौंडांनी उतरले.

या आनंदात त्याने १८६३ साली स्थूलतेसंबंधी एक छोटेसे पत्रवजा पुस्तक छापले आणि पहिली आवृत्ती फुकट वाटली. पुस्तक इतके गाजले, की स्वीडिश भाषेत वजन कमी करण्याला आजही त्याच्याच नावावरून आलेले क्रियापद वापरतात. खाण्याचे प्रमाण भुकेवर सोपवावे, महत्त्व पदार्थाच्या जातीला आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे दुसऱ्या गुरूचे मत त्यात पूर्णपणे आले.

पण श्रोतेहो, त्याच पुस्तकातील आहाराची यादी जरा सावकाश वाचली पाहिजे. सकाळी चार-पाच औंस मांस, दुपारी पाच-सहा औंस, रात्री तीन-चार औंस; कोरडा भाजलेला पाव एक औंस. शिवाय भाज्या, थोडी फळे आणि मद्याचे पेले. दिवसभराचे मांस सारे मिळून बारा ते पंधरा औंस, म्हणजे साधारण ३४० ते ४२५ ग्रॅम. ज्याने मोजण्याची गरज नाही असे लिहिले, त्याच्या ताटात औंसाचे माप आधीच येऊन बसले होते! पूर्वीचे साखरदूध घातलेले चहाचे मोठाले पेले, लोणी लावलेला पाव, बिअर आणि गोड पक्वान्ने गेली. त्यांच्याबरोबर उष्मांकही गेले. त्यांना कोणी निरोप दिला नाही एवढेच.

कसा देणार? उष्मांकाचे माप स्वयंपाकघरात यायला अजून अवकाश होता. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास लागणारी उष्णता, हे आहारशास्त्रातले ते माप. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर याने १८९० नंतरच्या दशकात एक बंदिस्त कोठडी बांधली. तीत माणसाला दिवसच्या दिवस ठेवून त्याने खाल्लेले अन्न आणि बाहेर पडलेली उष्णता यांचा ताळा घातला. शक्ती निर्माण होत नाही व नष्टही होत नाही, हा नियम मानवी देहालाही चुकलेला नाही, असे दिसून आले. एक ग्रॅम प्रथिनाला किंवा पिष्टाला सुमारे चार उष्मांक आणि स्निग्ध पदार्थाला नऊ, हे आजचे कोष्टक त्याच्याच परिश्रमाचे फळ. १९१८ साली डॉ. लुलू हंट पीटर्स या बाईंनी ते घरोघरी पोहोचवले. पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर उष्मांकांचा पाव म्हणा, असा त्यांचा धडा होता. युद्धाचे दिवस होते. कमी खाणे हे देशकार्यही ठरले.

येथून दोन पक्षांत जुंपली. लंडनमध्ये १९५६ साली केकविक आणि पवन या संशोधकांनी लठ्ठ रुग्णांना रोज हजार उष्मांकांचेच, पण निरनिराळे अन्न दिले. स्निग्ध आहारावर वजन सर्वांत जास्त उतरले, पिष्टमय आहारावर सर्वांत कमी. बँटिंगपंथीयांना जणू पुरावाच सापडला. परंतु हे प्रयोग काही दिवसांचेच होते. शरीर पिष्टाचा साठा पाण्यासह करते. एका ग्रॅमला जवळजवळ तीन ग्रॅम पाणी. पोळी-भात सोडला, की हा साठा उतरतो आणि पहिल्याच आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो. ती चरबी नव्हे, ते पाणी. पुढे १९६० साली युडकिन आणि केरी यांनी लोकांना पिष्ट कमी करावयास सांगून लोणी-मांसाची मोकळीक दिली आणि ते खरोखर काय खातात ते तपासले. मोकळीक असूनही कोणी जास्त लोणी खाल्ले नाही. एकूण उष्मांक मात्र घटले. कारण उघड आहे. लोणी लावायला पावच नव्हता! तरीही लगेच १९६१ साली हर्मन टॉलर या डॉक्टरचे 'उष्मांकांना महत्त्व नाही' अशा आशयाच्या नावाचे पुस्तक अमेरिकेत तडाख्याने खपले. त्याच्या जोडीने करडईच्या तेलाच्या गोळ्याही खपवल्या गेल्या, आणि १९६७ साली न्यायालयाने त्याला टपालाद्वारे फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरवले.

अलीकडचा मोठा दाखला २०१८ सालचा, स्टॅनफर्ड विद्यापीठातला. ६०९ माणसांपैकी निम्म्यांना स्निग्ध पदार्थ कमी करावयास सांगितले, निम्म्यांना पिष्ट. उष्मांकांची मर्यादा कोणालाच घातली नाही; भाज्या भरपूर घ्या, साखर आणि मैदा टाळा, एवढे दोघांनाही बजावले. वर्षाअखेर पहिल्यांचे वजन सरासरी ५.३ किलोंनी उतरले, दुसऱ्यांचे ६ किलोंनी; हा फरक नगण्य ठरला. मोजायला न सांगताही दोन्ही गटांचे खाणे रोज सुमारे पाचशे उष्मांकांनी कमी झाले होते.

तेव्हा गोंधळ झाला तो दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे. उष्मांकांना महत्त्व आहे काय? निःसंशय आहे, ॲटवॉटरच्या कोठडीतून कोणाचीच सुटका नाही. उष्मांक मोजलेच पाहिजेत काय? तसे मात्र नाही. ज्या आहाराने पोट भरते आणि भूक शमते, तो आपला हिशेब आपणच ठेवतो. काहींना पिष्ट कमी केल्याने ही तृप्ती लाभते. त्यांनी वही मिटून ठेवावी. पण वजन उतरता उतरता थबकले, तर ती पुन्हा उघडावी. बदाम, चीज, खोबरे, तूप यांत पिष्ट नाममात्र किंवा मुळीच नसते. तरी तुपाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० उष्मांक असतात, आणि असे चार चमचे सहज नजरेआड होतात. मधुमेहाचे औषध चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून पोळी-भात सोडू नये. औषध तेच ठेवून पिष्ट घटवले, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते.

आणखी एक गोष्ट या इतिहासाने शिकवावी. हिशेबाचा नियम खरा आहे म्हणून स्थूल मनुष्य खादाड ठरत नाही. खर्चापेक्षा जमा जास्त झाली, एवढेच तो नियम सांगतो. ती का झाली हे सांगत नाही. बँटिंगने आळस केला नव्हता. पहाटे उठून तो होडी वल्हवीत होता, आणि त्याची भूकच त्याला हरवीत होती. त्याची निंदा करणारे पुष्कळ भेटले. त्याच्या भुकेचा विचार करणारा हार्वी एकच भेटला. आपल्या घरात वजनाशी झगडणारे कोणी असेल, तर त्याच्या ताटातल्या पोळ्या मोजण्यापूर्वी त्याची भूक कशाने भागते, एवढे तरी आपण आपुलकीने विचारावे.