हौदा आधी, कुस्ती मग



'वॉर्म-अप'ला आपल्या जुन्या तालमीत काय म्हणत, असा प्रश्न माझ्या पुतण्याने मागच्या आठवड्यात फोनवर विचारला. (तो पुण्यात जिमला जातो. काका मराठीचे मास्तर, म्हणून असले प्रश्न माझ्याच वाट्याला येतात!) मी बराच विचार केला. 'अंग गरम करणे', 'अंग मोकळे करणे' हे बोलण्यातले शब्द झाले. पण तालमीचा म्हणून वेगळा शब्द काही आठवेना. मला वाटते, ही गोष्ट कामातून वेगळी काढून करायची असते असे तिथे कोणाला वाटतच नसावे, म्हणून शब्दही नसावा.

तालमीचा दिवस पहाटे हौद्यापासून सुरू होतो. रात्रीतून दबून बसलेली लाल माती कुदळ-फावड्याने उकरायची, ढेकळे फोडायची, पुन्हा सारखी करायची. हे काम नव्या पोरांचे. बाहेरून बघणाऱ्याला ती साफसफाई वाटते. पण थोडा वेळ कुदळ मारून बघा! खांदे, कंबर, मांड्या, मनगटे सगळे एकदम कामाला लागते, श्वास वाढतो, कपाळावर घाम येतो. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली ती माती पडणाऱ्याला सांभाळते ते वेगळेच. माती तयार होईपर्यंत पोरगाही तयार. मग जोर, बैठका, आणि त्यानंतर लढत. जत्रेतल्या फडातसुद्धा दोन मल्ल हात मिळवून आधी खडाखडी करतात. मान दाबून बघतात, पंजे अडकवतात, गोल फिरतात. प्रेक्षक ओरडतात, "अरे, लढा की!" पण जाणता वस्ताद घाई करू देत नाही.

तयारीचा प्रकार पुढे स्वतंत्र विद्या होऊन बसतो, याचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाचे अली आणि गुलाब हे पैलवान आले, त्यांच्याशी लढण्यासाठी बाळंभटदादा देवधरांनी खांबावर मेहनत केली, अशी कथा सांगतात. आपण मराठवाड्याची माणसे, निजामाच्या पैलवानांची बाजू घ्यावी की काय असा प्रश्न मला लहानपणी पडायचा! ते असो. कुस्तीच्या मेहनतीसाठी आलेला खांब आज आपल्या जागी उभा आहे, त्याच्या स्पर्धा होतात.

सूर्यनमस्काराचे नेमके उलटे झाले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९२०च्या दशकापासून त्याचा हिरिरीने प्रचार केला, संस्थानातल्या शाळांत तो लावला. त्यांच्या दृष्टीने सूर्यनमस्कार हाच पुरता व्यायाम होता. आता पोरे दहा-बारा नमस्कार घालतात आणि म्हणतात, "झाला वॉर्म-अप." राजेसाहेबांना हे फारसे रुचले नसते. मला मात्र त्यात वावगे वाटत नाही. संथ सुरुवात करून वेग वाढवला तर पाठीचा कणा, खांदे, मांड्यांच्या मागच्या शिरा इतक्या थोड्या जागेत मोकळ्या करणारे दुसरे साधन मला माहीत नाही.

आपल्या व्यायामाची अशी सगळी माहिती एकत्र करण्याचे मोठे काम बडोद्याच्या दत्तात्रेय चिंतामण मजुमदारांनी केले. त्यांच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड आहेत. जुन्या ग्रंथालयात सापडले तर जरूर चाळा.

शास्त्राने यात मागाहून लक्ष घातले. १९४५ साली आस्मुसेन आणि बोये या डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी सायकल चालवणाऱ्यांवर प्रयोग केले. आधी हलके काम करून किंवा बाहेरून उष्णता देऊन शरीर तापवले, तर थोड्या वेळाचे जोराचे काम अधिक चांगले होते, आणि त्यात स्नायूंचे तापमान महत्त्वाचे, असे त्यांना दिसले. तापलेला स्नायू लवकर आकसतो व सैल होतो, त्याला रक्तही जास्त मिळते. पुढे २००८ मध्ये नॉर्वेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या सुमारे १९०० मुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नीट आखलेला वॉर्म-अप करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती आणि अतिताणाने होणाऱ्या दुखापती कमी आढळल्या.

हे सगळे मला आताच का सुचले ते सांगतो. आमच्याकडे मांजरसुंब्याहून कपिलधारला जाणारा रस्ता आहे. कार्तिकात मन्मथस्वामींच्या यात्रेला त्याच रस्त्याने दिंड्या येतात. एरवी पहाटे तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे पळतात. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत, ज्यांचे आईबाप सहा-सहा महिने ऊसतोडीला जातात, भरती ही एकच आशा असते. गेल्या थंडीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा मोटारसायकलवरून उतरला आणि तसाच शंभर मीटरला सुटला. बालाघाटावरची मार्गशीर्षातली थंडी तुम्हाला माहीत आहे. निम्म्यात मांडीच्या मागे कळ आली आणि तो खाली बसला. दोन महिने घरी. त्या वर्षीची मैदानी चाचणी गेली. भरतीला वयाची अट असते, त्यामुळे गेलेले वर्ष नुसते वर्ष नसते.

बाप मला म्हणाला, "सर, तुमच्या वेळी नव्हतं असलं काही." मी म्हटले, "अरे, तुझा आजा हौदा उकरायचा, विसरलास काय?"

आता तो मुलगा पुन्हा पळतो आहे. आधी दहा मिनिटे हळू पळतो, मग गुडघे उचलून, पाय पुढे-मागे झुलवून, शेवटी तीन-चार छोट्या दौडी, प्रत्येक आधीपेक्षा जोरात. आमच्या वेळी शाळेत वाकून पायाचे अंगठे धरून बराच वेळ थांबवत. जोरात पळण्याच्या तोंडावर तसे फार वेळ ताणून धरले तर ताकद थोडी कमीच पडते, असे आता सांगतात. ते ताणणे तो पळून झाल्यावर करतो. एक गोष्ट मात्र मी त्याला पुन्हा पुन्हा बजावली आहे. चाचणीच्या दिवशी छातीला नंबर लावून मैदानावर तासन्‌तास बसवून ठेवतात. पहाटे तापवलेले अंग तोवर पार थंड होते. म्हणून स्वेटर काढायचा नाही, आणि आपल्या आधीची तुकडी उठली की जागच्या जागी पाय हलवायला लागायचे, बाजूचे हसले तरी.