फिरत्या घराचे कवच

मोटारीमागे जोडून न्यावयाच्या घराला भिंती कशाच्या असाव्यात, या प्रश्नाचा अमेरिकेतील इतिहास पावसापासून सुरू होतो, आणि माझ्या मते तो अद्याप पावसापलीकडे फारसा गेलेला नाही. डेट्रॉइटचे जंतुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन १९२९ च्या सुमारास सहकुटुंब सफरीस निघाले असता, झटपट उभा राहतो अशी ग्वाही देऊन विकलेला कापडी तंबू-ट्रेलर ऐन सरीत काही केल्या उभा राहीना. त्या फजितीनंतर त्यांनी सुताराकडून टणक भिंतींची जी चाकांवरची पेटी करवून घेतली, तिच्यातूनच ‘कव्हर्ड वॅगन’ ही १९३६ च्या आसपास त्या व्यवसायात अग्रगण्य ठरलेली कंपनी उदयास आली. पेटीच्या भिंती मॅसोनाइटच्या, म्हणजे लाकडाच्या ढलप्या वाफेच्या प्रचंड दाबाने फोडून त्यांच्या तंतूंपासून दाबून केलेल्या तक्त्यांच्या होत्या. तक्ता स्वस्त आणि दिसावयास गुळगुळीत. परंतु कडेने पाणी शिरले की तो फुगे, आणि एकदा फुगला की पूर्ववत होत नसे.

दुसरी वाट विमानविद्येच्या दालनातून आली. लिंडबर्गचे १९२७ चे अटलांटिक ओलांडणारे विमान ज्या कारखान्यात सिद्ध झाले, तेथे देखरेख करणारे हॉली बोलस हे मूळचे ग्लायडर बांधणारे गृहस्थ. त्यांनी १९३४ साली ‘रोड चीफ’ नावाचा जो ट्रेलर बाजारात आणला, त्याचे अंग अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी सांधून केलेले, विमानासारखेच निमुळते होते. दरवाजा मात्र पुढच्या तोंडाला, ओढदांड्याच्या वर, त्यामुळे आत शिरावयाचे तर दांडा ओलांडूनच! बोलस यांचा उद्योग अल्पायुषी ठरला. त्याच धाटणीला कुशीचा दरवाजा देऊन, आधी मॅसोनाइटचे ट्रेलर बांधणारे वॉली बायम यांनी १९३६ साली आपल्या एअरस्ट्रीम कंपनीचा ‘क्लिपर’ विक्रीस काढला. किंमत १२०० डॉलर, म्हणजे मंदीच्या त्या वर्षांत बड्या असामीलाच परवडणारी. महायुद्धात सरकारने हा धातू विमानांसाठी राखून ठेवला, कारखाना बंद पडला आणि बायमही विमानांच्या कामावर रुजू झाले.

युद्धोत्तर काळात अ‍ॅल्युमिनियम सुलभ झाले. परंतु सामान्य गिऱ्हाइकाच्या वाट्याला आला तो लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पातळ पन्हाळी पत्रा. त्याची टवाळी पुष्कळ होते, पण ती मला अन्यायाची वाटते, कारण गारांनी पोचा पडला तर तेवढीच पट्टी उतरवून नवी बसवता येते. दोष पत्र्याचा नव्हे. सांध्यातील लांबी वाळून तडकली की पाणी मागच्या लाकडात मुरते आणि बाहेरचा मुलामा शाबूत असताना आतला सांगाडा कुजून जातो.

सांधेच नकोत, असा विचार १९६८ साली कॅनडातील विनिपेग येथे रे ओलेको यांनी केला. फायबरग्लासच्या मैलाटाक्या घडविण्याचा त्यांना अनुभव होता. त्याच विद्येने साच्यात घडवलेले दोन अर्धगोल मधोमध जोडून त्यांनी तेरा फुटी ‘बोलर’ तयार केला. त्याला सांधा काय तो एक, आणि वजन इतके हलके की लहान मोटारही तो ओढू शके. पुढे सपाट, चकचकीत भिंतींची जी पद्धत रूढ झाली, तिच्यात मात्र फायबरग्लासचा पातळ पापुद्रा प्लायवुड व फोम यांवर चिकटवलेला असतो. ओल शिरली की डिंक सुटतो, पृष्ठभागावर फोड उठतात आणि दुरुस्तीसाठी अवघी भिंतच काढावी लागते.

म्हणून खरेदीदाराने विक्रेत्याशी भावाची घासाघीस करण्याआधी खिडकीखालचा आणि छताच्या कोपऱ्याजवळचा भाग आतून अंगठ्याने दाबून पाहावा. तो दबला, तर बाहेर कोणतेही कवच असो, तो ट्रेलर घेऊ नये.